राखाडी पट्ट्याचा दुसरा पदर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पावतीबुवाचं डोकं फोडायचं राहिलं. हाताशी नाजूक चिमट्याशिवाय काही नव्हतं म्हणून वाचला.

हा माणूस रोज साडेदहाला मामांच्या घड्याळांच्या दुकानात येऊन बसतो. तीस वर्षं फौजेच्या कोठारात सामान वाटत होता. टाचणी दिली तरी सही घ्यायची सवय. घरी चहाचा कपसुद्धा पावतीवर घेत असेल असं मामी म्हणते, तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव पावतीबुवा. मामांचा वीस वर्षांचा मित्र. आणि माझं नशीब असं फुटकं की लाँचवरच्या तिचा बाप.

मामांनी आज नायलॉनच्या राखाडी पट्ट्यांचं नवं पुडकं सोडलं. पोरं हल्ली हेच मागतात, फौजी म्हणून. पावतीबुवाने एक उचलला आणि झाला सुरू. म्हणे याला शौर्याबिर्याचा वास येत नाही, हा कोठारातला माल आहे. फॉर्म भरायचा, सही करायची, पट्टा घ्यायचा. माप सगळ्यांना एकच आणि मुद्दाम लांब, म्हणजे जाड कोटाच्या बाहीवरूनही बांधता येतो. कातड्यासारखा घामाने सडत नाही. घड्याळाच्या दोन टोकांना दोन पिना असतात, एकच लांब पट्टी त्या दोन्हींखालून जाते, म्हणजे एक पिन निखळली तरी घड्याळ दुसरीला लटकून राहतं. मी मान डोलावत होतो, जणू हे सगळं मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे.

मग त्याने पट्टा उलटा केला. बकलाच्या मागून एक आखूड पदर निघतो, त्याच्या टोकाला धातूची कडी. तो बोटावर उडवत मला विचारलं, "आणि हा दुसरा पदर कशासाठी, सांगा बघू विद्वान."

मी म्हटलं शोभेला.

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. मामांकडे बघून म्हणाला, "अर्ध्यावर सोडलेलं कॉलेज असं मधूनच दिसतं बघा."

मामा हसले नाहीत. पावतीबुवा पुढे काहीतरी समजावत होता. मी पाण्याची कळशी उचलली आणि भरलेली असूनही भरायला निघून गेलो. त्याच्याकडून शिकायची वेळ आलेली नाही अजून.

तोंडी परीक्षेत मास्तरही असेच हसले होते. मी उत्तर दिलं होतं, ठणकावून दिलं होतं. चुकलं असेल. पण हसायचं काय कारण? त्या दिवशी फाईल टेबलावर आपटून निघालो तो परत गेलोच नाही. बरं केलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती आली होती. मामा दात काढायला गेलेले. दुकानात मी एकटा. असा योग पुन्हा येत नाही.

ती नदीवरच्या लाँचवर असते, तिकिटं बघते आणि शिट्टी देते. लाँच मिनिटावर सुटली पाहिजे म्हणून दर आठवड्याला आमच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायला येते. म्हणे. धक्क्यावरही घड्याळ आहे की, तेही ढेरपोटं आणि लांबून दिसणारं. ते सोडून तीन गल्ल्या ओलांडून इथे कशाला यायचं, एवढं मला कळतं.

घड्याळ बापाचंच आहे, नोकरीतलं. तिला काम लागलं त्या दिवशी त्याने स्वतःच्या मनगटावरून काढून तिला बांधलं. पोलादी, जड, काचेवर एक चरा. परवाच मामांनी त्याला नवा राखाडी पट्टा घातला होता, तोच घेऊन आली. म्हणाली, खूप जाड लागतो, घड्याळ मनगटावर उभंच राहतं, बाही अडकते. जरा चपटं बसेल असं काही करता येईल का?

मी पट्टा बघितला. घड्याळाखाली पट्टीचा एक थर आणि त्याखाली पुन्हा हा दुसरा पदर. जाडी त्याचीच.

तिने विचारलं, "याचा उपयोग काय असतो? बाबा काहीतरी सांगत होते."

मी म्हटलं, "काही नाही, फॅशन आहे. लागत नाही."

"नक्की ना?"

म्हटलं, रोज पन्नास पट्टे हातातून जातात माझ्या.

पातं तापवलं आणि पदर मुळापासून कापला, असा सफाईने की धागासुद्धा सुटला नाही. कड वितळवून बोटाने दाबली. बोट भाजलं, पण मी हूं की चूं केलं नाही. घड्याळ बांधून दिलं तर कसं बसलं! जणू तिच्या मनगटासाठीच घडवलेलं. तिने हात उलटासुलटा करून बघितला आणि हसली. हे हसणं वेगळं होतं.

जाताना म्हणाली, "बाबांना नका सांगू हं, त्यांना त्यांच्या पट्ट्याला हात लावलेला आवडत नाही."

आमच्यात आता एक गुपित आहे.

कापलेला पदर टाकला नाही. बोटभर लांबीचा आहे, टोकाला कडी. या वहीत खुणेसाठी ठेवला आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पावतीबुवा आला, बसला, बोलला, गेला. मी त्याच्याकडे बघून गालात हसत होतो. त्याला वाटलं मी सुधारलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोनदा लाँचने पलीकडे जाऊन आलो. पलीकडे काही काम नव्हतं. दुसऱ्या फेरीला ती म्हणाली, "काही विसरलात का तिकडे?" मी हो म्हणालो. काय विसरलो ते विचारेल असं वाटलं होतं, पण एका म्हातारीचं बोचकं उचलायला गेली. माझं चार वाक्यांचं उत्तर तयार होतं, ते वाया गेलं.

लाँचवरचा सुकाणू धरणारा तिला "ए शिट्टी" म्हणतो. काय पद्धत आहे ही? त्याला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगेन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळ गेलं.

दुपारी आली. मामा आत जेवत होते. तिच्या मुठीत नुसता पट्टा. बकल शाबूत, भोकं शाबूत, शिवण शाबूत. नुसतं घड्याळ नाही. दोरखंडाचं ग्रीस हाताला लागलं म्हणून ती कठड्याशी उभी राहून हात धूत होती. घड्याळ भिजू नये म्हणून सोडलं, बकल धरून हातात लोंबतं ठेवलं. एवढंच केलं. पट्टा हातात राहिला आणि घड्याळ त्यावरून घसरत खाली, मग कठड्याच्या बाहेर, मग पाण्यात. आवाजसुद्धा आला नाही म्हणाली. लाँच धक्क्यालाच होती, पण इंजिन चालू होतं.

रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

बाबांना काय सांगितलं विचारलं. म्हणाली, बकल उघडलं आणि पट्ट्यासकट गेलं, असं. पट्टा दाखवला असता तर पदर कापल्याचं दिसलं असतं. "माझीच चूक आहे. मीच चपटं करा म्हणाले होते. तुम्ही कशाला मध्ये येता?"

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

ती पट्टा काउंटरवर ठेवून गेली. घरी ठेवायची सोय नाही म्हणाली.

मामा झोपल्यावर तो पट्टा घेतला आणि दुरुस्तीला आलेलं एक जुनं घड्याळ त्यात ओवलं. बकल धरून लोंबतं सोडलं. घड्याळ सरकलं, थोडं थांबलं, मग शेपटीवरून सुटून रबराच्या चटईवर पडलं. ठप. मग पुडक्यातला न कापलेला पट्टा घेतला. पट्टी दोन्ही पिनांखालून, मग त्या आखूड पदराच्या कडीतून. घड्याळ एकीकडे बकल आणि दुसरीकडे कडी यांच्या मध्ये कोंडलं जातं. झटकलं, हिसडलं, उलटं धरलं. हलत नाही. हातावरून सोडलं तरी सुटत नाही.

पुन्हा कापलेला. ठप. सात वेळा केलं.

एवढंच काम होतं त्या पदराचं. पावतीबुवा त्या दिवशी हेच सांगत असणार, आणि मी भरलेली कळशी भरत होतो. नीट सांगितलं असतं आधी तर काय बिघडलं असतं त्याचं? कोडी कशाला घालायची माणसाने?

२२ फेब्रुवारी, शनिवार

साडेदहाला पावतीबुवा आला आणि बसला नाही. काउंटरवर दोन्ही तळवे टेकवून मामांना म्हणाला की तीस वर्षांत हजारो पट्टे वाटले, एकाचंही बकल आपोआप उघडलं नाही. वीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि शेवटी कुठला हलका माल माझ्या पोरीच्या हातात बांधलात?

मामा म्हणाले की बकल त्यांनी स्वतः ओढून बघितलं होतं.

"मग घड्याळ पोहायला गेलं असेल," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. गल्लीतली दोन-चार माणसं थांबली. समोरचा चष्मेवाला तर खुर्ची बाहेर घेऊन बसला.

मी कपाटाच्या मागे चिमटे पुसत होतो. एकच चिमटा पुसत होतो.

बोललो असतो. पण तिने सांगू नका म्हटलंय. तिचा शब्द मोडायचा? उलट मला सगळ्यात संताप मामांचा आला. एवढं ऐकून घ्यायचं आणि वर "बसा, चहा घ्या" म्हणायचं. कणा आहे की नाही?

तो बसला नाही. निघून गेला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पावतीबुवा दोन दिवस आलेला नाही. साडेदहाला मामा त्याचं स्टूल पुढे ओढतात आणि थोड्या वेळाने परत मागे सारतात.

आज दिवसभर मामांनी पुडक्यातला एकेक पट्टा काढून बकल ओढून बघितलं. टोकाला वजनाचे दोन दगड लावून बघितलं. त्रेसष्ट पट्टे. एकही उघडलं नाही. प्रत्येक वेळी दगड खाली ठेवताना माझ्याकडे बघत. शेवटी म्हणाले, "बकलांत काही नाही रे. मग दोष कुठे असेल?"

मी म्हटलं मला काय माहीत.

"हं," म्हणाले, आणि तापवायचं पातं उचलून भिंगातून बराच वेळ बघत बसले. पातं बघायचं नवीनच खूळ.

चष्मेवाल्याकडे एक गिऱ्हाईक विचारत होतं, इथे पट्टे बरे मिळतात का. त्याने नुसते हात पसरले. उद्या त्याच्या सगळ्या काचा फोडतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. बोलून काय होतं, करून दाखवायचं.

दुपारच्या सुट्टीत धक्क्यावर गेलो. लाँच लागली होती. ती कठड्याशी नेमकी कुठे उभी होती ते तिने सांगितलं होतंच. शर्ट काढला आणि कुणाला कळायच्या आत उडी.

खाली काही दिसत नाही. गाळ आहे, कोपरापर्यंत हात जातो आणि हाताला काय लागतं ते न विचारलेलं बरं. चारदा खाली गेलो. एक बाटली, एक चप्पल आणि एक सायकलचं चाक मिळालं. पाचव्यांदा वर येताना पाय दोरखंडात अडकला. सुकाणूवाल्याने आकडीच्या काठीने विजार धरून मला वर ओढलं, मासळीसारखं. सगळा धक्का हसत होता.

ती हसत नव्हती. पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "तू वेडा आहेस का? मेला असतास तर ते पण माझ्याच डोक्यावर?"

मला पहिल्यांदा तू म्हणाली. काळजी असल्याशिवाय माणूस असं ओरडत नाही.

घरी येईपर्यंत थंडी भरली. मामी काढा देताना इतकं बोलली की काढा गोड लागला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताप. अंथरुणातच लिहितोय.

संध्याकाळी मामा येऊन पायांशी बसले. मग म्हणाले की लाँचवरची मुलगी दुकानाशी आली होती. झोप लागत नाही म्हणत होती. बाबा घरात कुणाशी बोलत नाहीत, जेवताना मनगट चोळत बसतात. सगळं तिच्या निष्काळजीपणाने झालं, असं तीनदा म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं.

"पाण्यात उडी मारायला छाती लागते," मामा म्हणाले. "आहे तुझ्यात. मी नाही म्हणत नाही."

मग उठले. दारात थांबून, पाठमोरेच: "तुझ्या वहीतून काहीतरी राखाडी डोकावतंय. आत सार."

आणि गेले.

म्हणजे कधीपासून? पातं बघत होते तेव्हाच? की त्याच्याही आधी, त्या शनिवारी काउंटरवर शिव्या खाताना? आणि गप्प. त्रेसष्ट पट्टे ओढत बसले माझ्यासमोर, दगड लावून. मला सरळ कानाखाली वाजवली असती तर चाललं असतं. मास्तर हसले, पावतीबुवा हसला, त्यांच्यावर चिडता तरी आलं. या माणसावर कसं चिडायचं?

चिडलोच आहे. उशी फाडली. मामी आता त्याच्यावरून बोलेल.

१ मार्च, शनिवार

गेलो. लिहून टाकतो, नाहीतर उद्या मीच ते बदलून आठवेन.

मामांना म्हटलं सोबत येऊ नका. तेही चपला घालून तयार नव्हतेच. वही काखेत. पावतीबुवाच्या घरी दार तिनेच उघडलं आणि मला बघून डोळ्यांनीच नको नको म्हणाली. मी आत शिरलो. तो खिडकीशी बसला होता. डाव्या मनगटावर घड्याळाच्या जागी फिकट चट्टा, इतक्या वर्षांचा, उन्हाने अजून न भरलेला.

वही उघडली आणि पदर काढून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "काका, बकल उघडलं नव्हतं. हा मी कापला."

ती मधेच म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं कापायला."

"नाही," मी म्हटलं. "चपटं करा म्हणाली होतीस. हा कशासाठी असतो म्हणून विचारलंसही होतंस. मला माहीत नव्हतं. मी फॅशन म्हणालो."

तिच्या तोंडावरचा रंग बदलताना मी बघितला. इतके दिवस तिला वाटत होतं तिने चूक करायला लावली. आता कळलं की तिने नीट विचारलं होतं.

"आठ दिवस," ती म्हणाली, अगदी हळू. "आठ दिवस मी स्वतःला खातेय. आणि तुम्ही म्हणालात, होतं असं कधीकधी."

पुन्हा तुम्ही. आत निघून गेली. दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

पावतीबुवाने पदर उचलला, कडी बोटाने फिरवली. ओरडेल म्हणून मी अंग आवळून उभा होतो. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, तयारीच होती. तो उठला, कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा आखल्या, रकाने पाडले आणि माझ्यापुढे सारला. वस्तू. कुठे गेली. कशी गेली. कोणामुळे.

"भरा," म्हणाला.

मी भरत असताना बोलत होता, माझ्याशी की खिडकीशी कळेना. कोठारात रोज असे फॉर्म यायचे. घड्याळ हरवलं, कसं हरवलं. कुणी लिहायचं स्फोटात गेलं, कुणी लिहायचं पुरात. शेवटच्या रकान्यात शत्रू तरी असायचा नाहीतर हवामान. स्वतःचं नाव लिहिणारा तीस वर्षांत त्याला भेटला नाही. "पुस्तकात सापडणार नाही, हे माझं आपलं मत. लोक म्हणतात हा पट्टा शूरांसाठी काढला. मला वाटतं कुठल्यातरी वैतागलेल्या कारकुनाने काढला. माणसं खरं सांगणार नाहीत हे त्याने मान्य केलं, आणि असा पट्टा केला की घड्याळ कुणाच्या खरेपणावर राहायलाच नको."

मी शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. "कशी गेली" मध्ये लिहिलं: दुसरा पदर कशासाठी असतो ते माहीत नव्हतं. माहीत आहे असं सांगितलं.

त्याने दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. घड्याळाबद्दल एक अक्षर बोलला नाही. मग दुसरा कागद घेतला, काहीतरी खरडलं, सही केली, मला दिला. नायलॉनचा तुकडा, राखाडी, कडीसह, नग एक. मिळाला.

पावती. माझा पदर त्याने ठेवून घेतला. इतका राग आला, की जिन्यात बसून रडलो.

३ मार्च, सोमवार

साडेदहाला पावतीबुवा आला. मामांनी स्टूल पुढे ओढलं. दोघं त्या शनिवारबद्दल काही बोलले नाहीत. चष्मेवाल्याच्या पाणी न येणाऱ्या नळावर अर्धा तास बोलले. मला विद्वान म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. ते जास्त लागलं.

मी चहा आणून ठेवला. त्याने खिसे चाचपले, जणू पावती शोधतोय, आणि मामा इतके हसले की कपातला चहा बशीत आला. मी हसलो नाही. हसलो थोडा.

१२ मार्च, बुधवार

ती आली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही. पिशवीतून स्वस्तातलं प्लॅस्टिकचं घड्याळ काढलं, म्हणाली याला राखाडी पट्टा बसवून हवा. मामा दुकानातच होते, पण त्यांना एकाएकी आत काहीतरी काम निघालं.

पट्टा काढला. पट्टी एका पिनेखालून, घड्याळामागून, दुसऱ्या पिनेखालून, मग दुसऱ्या पदराच्या कडीतून. तोंडाने काही बोललो नाही, पण प्रत्येक पायरी तिला दिसेल अशी केली. उभं राहील, जाड लागेल, बाही अडकेल असं म्हणालो. चालेल म्हणाली.

हातात घेतलं आणि बकल धरून काउंटरवर लोंबतं सोडलं. झटकलं. पुन्हा झटकलं, जोरात. मग आणखी जोरात, ओठ घट्ट मिटून, खांद्यापासून. किती वेळा ते मोजलं नाही. घड्याळ जागचं हललं नाही. शेवटी दमली आणि मनगटावर बांधलं.

मी म्हटलं, राहू दे, माझ्याकडून.

"पावती द्या," ती म्हणाली.

पुस्तक काढलं, तारीख घातली, एक नग राखाडी पट्टा लिहिलं. नावाच्या ओळीवर पेन टेकवलं. ते नाव मी या वहीच्या मागच्या पानांवर किती वेळा लिहून खोडलंय ते मलाच माहीत. पेन पुढे सरकणार तेवढ्यात तिने आपलं नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, अनोळखी दुकानात सांगतात तसं.

मी तिने सांगितलं तसं लिहून घेतलं.